पुस्तकातलं चौथं गाणं

पुणे, नारायण पेठ
३ सप्टेंबर १९५६

प्रिय शरयू,

तुझं पत्र पोचलं. गणपती पाच दिवसांवर आलेत, घरात डबे घासणं चाललंय, म्हणून उत्तराला उशीर. रागावू नकोस.

बातमी अशी की बोलपट लागला! 'आठ दिवसांची पाहुणी'. दोन वर्षं तुला नुसतं "काहीतरी लिहिते आहे" म्हणून कळवत होते, ते हेच. ह्यांच्या स्टुडिओनेच काढला. हे तिथे आवाज धरायच्या खात्यात, म्हणून माझी वही दिग्दर्शकांच्या टेबलापर्यंत गेली, नाहीतर मला कोण विचारतंय! कथा, संवाद, गीते, तिन्ही ठिकाणी लीला तांबवेकर. भिंतीवरच्या जाहिरातीत माझं नाव खाली आहे, पण अक्षरं बऱ्यापैकी मोठी आहेत. लक्ष्मी रोडवरून जाताना मी मान खाली घालते आणि तरी पाहते.

गोष्ट साधीच आहे. आक्का नावाची बाई भावाकडे आठ दिवसांसाठी येते आणि वीस वर्षं राहते. ट्रंक दाराशी बांधलेली, रोज म्हणते उद्या निघते. जिभेने तिखट आहे. लोकांना ती फार आवडते असं म्हणतात.

आता मुद्द्याचं. पुढच्या आठवड्यात तो इंदूरला लागतोय. तुमच्या मध्यभारताची उन्हाळ्यातली राजधानी इंदूर, म्हणजे तुझ्या रमाकांतरावांचं ऑफिस अजून तिथेच असेल ना? आणि तू त्यांच्याकडे आठ दिवस जाणार असं लिहिलं होतंस. तर जाऊन पाहा. आणि मला खरं लिही. इथे सगळे "छान, छान" म्हणतात आणि विषय बदलतात. ग्वाल्हेरला, लष्करात शाळेत असताना माझा निबंध वाचून तू म्हणाली होतीस, "यात बक्षीस दिसतंय, लीला दिसत नाही." तेव्हा मी तीन दिवस बोलले नव्हते तुझ्याशी. पण तसंच लिही.

पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा. वाट बघते.

तुझी
लीला


लष्कर, ग्वाल्हेर
२४ सप्टेंबर १९५६

प्रिय लीला,

परवाच इंदूरहून आले. पाहिला तुझा सिनेमा. खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते, मागाहून गाल फुगवून बसू नकोस.

नाव पाहिलं. चांगलं ठसठशीत आहे. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझी सख्खी मामेबहीण. लष्करात एका घरात वाढलो, मग ती लग्न होऊन पुण्याला गेली आणि पुण्याचीच झाली.

गोष्ट फार ताणली आहेस. बाई आठ दिवसांसाठी आली तर आठव्या दिवशी तांगा बोलवायचा आणि बसवायची! आणि ती आक्का बोलते किती! घरात एवढं बोलणारं माणूस वीस वर्षं कोण ठेवून घेईल? मी तर दुसऱ्या दिवशी ट्रंक रस्त्यावर ठेवली असती.

गाण्यांचं म्हणशील तर सात ठीक आहेत. पण ते चौथं, बाई गं!

"माझ्या वाट्याच्या उन्हाला नाही अंगण मिळालं,
सये, तुझ्या दारी त्याचं चांदणं गं झालं."

अगं, उन्हाचं चांदणं कसं होईल? दिवस आहे का रात्र, ते तरी आधी ठरव. आक्काने हे गायला सुरुवात केली आणि मागच्या रांगेतले चारजण पान खायला उठले, खोटं नाही सांगत. लोकांना हसवणाऱ्या बाईला मध्येच रडवायचं कशाला? आणि ही सये कोण? साऱ्या गोष्टीत आक्काला मैत्रीण म्हणून नाही, मग ही कुठून टपकली? शाळेतल्या कवितेच्या वहीतलं उरलेलं दिसतंय. शेवटाविषयी काही लिहीत नाही. तोवर माझं डोकं इतकं ठणकत होतं की धड लक्ष नव्हतं.

खैर. कौतुक तर आहेच. प्रत्येकीचा नवरा थोडाच स्टुडिओत असतो! आमचे हे शिक्षण खात्यात, म्हणून आमच्या वाट्याला बदल्यांचे हुकूम. नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ म्हणतात. ग्वाल्हेरही नाही आणि इंदूरही नाही. आम्ही इथे बसून दुसऱ्यांचे सिनेमे पाहावे, बस.

तुझी
शरयू

ता. क. हिरोइनची पातळं छान होती.


पुणे, नारायण पेठ
५ ऑक्टोबर १९५६

प्रिय शरयू,

पत्र मिळालं. खरं लिही म्हटलं होतं, तेवढं मात्र तू केलं नाहीस.

चौथं गाणं बोलपटात नाही. दिग्दर्शकांनी ते लागायच्या आठ दिवस आधी कापलं. गाण्यांचं पुस्तक तेव्हा छापून झालं होतं, म्हणून ते फक्त पुस्तकात राहिलं. पुण्यात नाही, इंदुरात नाही, कुठल्याच पडद्यावर आक्काने ते गायलेलं नाही. तेव्हा तुझ्या मागचे चारजण कशाला उठले ते देव जाणे.

तू थिएटरच्या दारात दोन आण्यांचं पुस्तक घेतलंस आणि घरी गेलीस. एवढं मला कळलं. का गेलीस ते कळलं नाही, आणि विचारतही नाही.

पण बोलपट न पाहता, आठांतलं नेमकं तेच गाणं धरून तू सोललंस. दुसरं एखादं घेतलं असतंस तर मी हसून सोडून दिलं असतं.

या पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

लीला


लष्कर, ग्वाल्हेर
२० नोव्हेंबर १९५६

प्रिय लीला,

उत्तर नाही दिलंस तरी चालेल म्हणालीस, म्हणूनच देते आहे. दीड महिना लागला, कारण आधी मी तुझ्यावर रागावले, मग ह्यांच्यावर, मग मोलकरणीवर, आणि उरलं कोणीच नाही.

नाही पाहिला सिनेमा. झालं समाधान?

ऐक आता. ह्यांनी तिकिटं काढली होती. नवा कोट घालून निघाले होते, मेव्हणीचा सिनेमा म्हणून ऑफिसात चारचौघांना सांगून. आम्ही दारापर्यंत गेलो. तिथे भिंतीवर तुझं नाव, आणि खाली उभे राहून दोघं अनोळखी लोक ते मोठ्याने वाचताहेत. लीला तांबवेकर. मी म्हटलं, डोकं दुखतंय. हे म्हणाले, मग दोघं परत जाऊ. मी म्हटलं, नको, तुम्ही पाहा. हे आत गेले. मी पुस्तक विकत घेतलं आणि तांग्यात बसून ते वाचत घरी आले. त्यात अर्धीच गोष्ट आणि शेवटी "पुढे काय झालं ते रुपेरी पडद्यावर पाहा." त्या अर्ध्या गोष्टीवर मी तुला सबंध पत्र लिहिलं. हे परत आले ते जिन्यापासूनच हसत. "शरयू, ती आक्का..." एवढं म्हणाले, आणि मी म्हटलं, एक अक्षर बोलायचं नाही. तेव्हापासून खरंच बोललेले नाहीत. इतकं ऐकणारा नवरा असला की बायकोला स्वतःची चूक कळायला फार वेळ लागतो.

आता जे लिहायचं ते लिहूनच टाकते. मला मत्सर वाटतो. शाळेत बक्षीस तुला मिळायचं, पण मधल्या सुट्टीत मुली माझ्याभोवती जमायच्या. मला वाटायचं, फिट्टंफाट आहे. तुझं नाव भिंतीवर लागलं आणि माझं फक्त रेशनकार्डावर राहिलं, तेव्हा कळलं की फिट्टंफाट वगैरे काही नव्हतं. मी इथे सब्जी निवडते आहे आणि इंदूरचे लोक तुझं नाव वाचताहेत. मी जळते, लीला. जळते म्हणून खोटं लिहिलं.

इथे सगळं गावच जळतंय म्हण ना. ऐन दिवाळीत राजधानी भोपाळला गेली. मोती महालातल्या सचिवालयाच्या फायली पेट्यांत भरणं चाललंय. हळदीकुंकवाला पुढे येऊन बसलो आम्ही, आणि कुंकू लावलं शेजारणीला. ह्यांना जानेवारीत तिकडे हजर व्हायचंय. तिथे घर मिळेपर्यंत मी आणि मधू इथेच. मधू आता दहाची झाली आणि निम्मं हिंदीतच बोलते.

आणि आणखी एक. तुझा सिनेमा इथे येतोय. इथल्या मराठी मंडळाने ९ डिसेंबरला, रविवारी सकाळी, एकच खेळ ठरवलाय. बायकांची तिकिटं वाटायचं काम सुलोचनाबाईंनी माझ्यावर टाकलंय. तुला आठवत असतील, जगदेवरावांच्या घरच्या, त्यांचे सासरे फौजेत होते आणि त्या अजून त्याच आवाजात बोलतात. सत्तर बायकांना मी तुझ्या सिनेमाला धाडते आहे. मी स्वतः जाईन की नाही, ठाऊक नाही.

गाणं कापलंय हे मला माहीत नव्हतं. एवढंच सांगायचं होतं.

शरयू


लष्कर, ग्वाल्हेर
९ डिसेंबर १९५६, दुपार

प्रिय लीला,

तुझं उत्तर आलं नाही. न येवो. आत्ता सिनेमा पाहून आले आणि पातळसुद्धा न बदलता लिहायला बसले आहे.

गेले होते नावं ठेवायलाच. उगाच तुला गोड वाटावं म्हणून काही सांगत नाही. बायकांच्या बाजूला अगदी कडेची खुर्ची धरली, मधेच उठून जाता यावं म्हणून. शेजारी मधू. नावं आली. कथा, संवाद, गीते. तुझं नाव आल्यावर मी हाताची घडी घातली आणि ठरवलं, हसायचं नाही.

मग ती आक्का आली. दारात ट्रंक ठेवली, वहिनीने चहाचं विचारायच्या आत स्वतःच चुलीपाशी गेली, आणि आलेल्या पाहुण्यांना म्हणाली, "चहा करते, पण साखर तुमच्या गोड बोलण्यावर भागवा." सगळं थिएटर हसलं. मीही हसले. आणि मग हसू तोंडातच राहिलं, कारण हे मी म्हटलं होतं. साखर मिळत नव्हती त्या वर्षी, चुलतसासूबाईंच्या माहेरची माणसं आली होती तेव्हा. आणि तुला पत्रात लिहिलं होतं.

मी म्हटलं, असेल योगायोग. दहा मिनिटांनी आक्का वहिनीला सांगते, "मी रागावले नाहीये हो. रागावले असते तर स्वयंपाक चांगला झाला असता." पुन्हा माझंच. मग शेजारीण आक्काला तिच्या भावाचं विचारते, त्यांना ऐकू येत नाही का? आक्का म्हणते, "ऐकू जातं, पण अर्ज वरून खाली यायला आठ दिवस लागतात." लीला, पुरुषांच्या बाजूला अर्धा मोती महाल बसला होता. भोपाळच्या हुकुमाने महिनाभर सुतकात असलेली माणसं, ती शिट्ट्या वाजवायला लागली! आणि ते वाक्य मी ह्यांच्यावर लिहिलं होतं. ह्यांनी इंदूरला ते ऐकलं होतं. तरी जिन्यापासून हसत आले होते.

मधू माझा हात ओढून म्हणते, "आई, ये तो तू बोलती है ना!" मी म्हटलं, चूप बैस. पण मला चूप बसवेना. तीनशे माणसं माझ्या बोलण्यावर हसताहेत आणि मी अंधारात कडेच्या खुर्चीवर. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

आणि एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, छान आहे कारण माझं आहे. पण ते शेवटचं. आक्का खरंच निघते. वीस वर्षांनी ट्रंक उचलते आणि ती रिकामी, हलकी. वहिनीने एकेक पातळ कधीच काढून आपल्या पातळांबरोबर दांडीवर टाकलेलं. कोणी काही बोलत नाही. आक्कासुद्धा बोलत नाही. सुलोचनाबाईंनी नाक शिंकरलं ते चार रांगा ऐकू गेलं. मी तर पदर तोंडात धरून रडत होते. हे माझं नाही, लीला. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. मी बोलून मोकळी होते, तुला न बोललेलं दिसतं. घे, याचाही मत्सर वाटला.

म्हणजे सिनेमा सुंदर आहे. मला आवडायला नको होता, पण आवडला. हे लिहिताना माझे दात किती दुखताहेत ते तुला इथून दिसणार नाही.

थिएटरपासून नई सडकेपर्यंत मी हवेत चालत होते. पुढे-मागे सगळे आक्काची वाक्यं एकमेकांना म्हणून दाखवत चाललेले. आणि वळणावर एक बाई दुसरीला म्हणाली, "काय लिहिलंय हो लीलाताईंनी! डोकं लागतं याला." तिथे मी उतरले हवेतून.

आता सरळ विचारते. माझी पत्रं समोर ठेवून लिहिलंस का? आणि लिहिलंस तर माझं नाव कुठे आहे? हो की नाही, ते लिही. बाकी कुशल नको.

शरयू


पुणे, नारायण पेठ
२२ डिसेंबर १९५६

प्रिय शरयू,

हो.

तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. माझं लग्न झाल्यापासूनची, बिस्किटांच्या डब्यात. आई इथे होती तेव्हा ती तुझं पत्र आलं की दोनदा वाचून घ्यायची, आणि माझी गोष्ट मासिकात छापून आली तर "जेवण झाल्यावर बघते" म्हणायची. आक्काच्या तोंडी पहिल्यांदा मी माझी वाक्यं घातली होती. दिग्दर्शकांनी वाचून दाखवली, कोणी हसलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी डबा उघडला. एकच वाक्य घ्यायचं ठरवलं होतं.

तुझं नाव होतं, शरयू. हे तू नीट वाच. ह्यांनी आपल्या हाताने यादी केली होती: संवाद, लीला तांबवेकर, शरयू मुळ्ये. ती यादी नावं रंगवणाऱ्याकडे जायची होती. सकाळी चहाच्या वेळी टेबलावर पडली होती. हे आंघोळीला गेले होते. मी पेन घेतलं आणि तुझं नाव खोडलं. मग वाटलं, खोडलेलं दिसेल, म्हणून कागद फाडला आणि माझ्या अक्षरात दुसरा लिहिला. ह्यांनी पाहिलं. तोच कागद घेऊन गेले. मी तेव्हापासून ह्यांच्यासमोर तुझं नाव घेत नाही.

का, ते तूच लिहिलंयस. मत्सर वाटतो, असं तू एका ओळीत लिहून टाकलंस. मला ते लिहायला सबंध गाणं लागलं. पुस्तकातलं चौथं. या बोलपटात आक्काच्या तोंडी जे घातलं होतं त्यात सर्वस्वी माझं असं ते एकच होतं. दिग्दर्शक म्हणाले, "बाई, आक्काला बोलू दे. बोलते तेव्हा ती जिवंत असते, गाते तेव्हा वहीतली वाटते." कापलं. तुझं सगळं ठेवलं आणि माझं कापलं. आणि मग तू न पाहता तेच धरलंस, वर विचारलंस, ही सये कोण? म्हणून ते पत्र मी तसं लिहिलं.

आणखीही लपवलं आहे. बोलपट पुण्यात तिसऱ्या आठवड्यात उतरला. भिंतीवर आता दंतमंजनाची जाहिरात आहे. तरी स्टुडिओने दुसरी गोष्ट मागितली आहे, आक्कासारखी बाई हवी म्हणतात. वही उघडून बसते. सप्टेंबरपासून तुझं हसवणारं पत्र आलेलं नाही, आणि माझ्या वहीत एक ओळ नाही.

तुला हवं तर मी स्टुडिओला लिहून कळवते की संवाद कोणाचे. खरं म्हणजे तू हवं म्हणण्याची वाट पाहायला नको. पण अजून लिहिलेलं नाही. तीनदा कागद घेतला.

लीला


लष्कर, ग्वाल्हेर
२७ जानेवारी १९५७

प्रिय लीला,

तुझं पत्र वाचून मी ते डाळीच्या डब्यात ठेवलं. बिस्किटांचा डबा आमच्याकडे नाही. महिनाभर रोज डाळ काढताना ते दिसायचं आणि रोज नव्याने संताप यायचा. महिनाभर आमच्याकडे स्वयंपाक फार चांगला झाला.

नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. तू चोरलंस, खोडलंस, कागद फाडलास. हे सगळं वाचून संताप आला, पण "आई तुझं पत्र दोनदा वाचून घ्यायची" इथे आले आणि गंमत म्हणजे थोडं बरं वाटलं. तू माझ्यावर जळत होतीस! एवढी वर्षं मी एकटीच जळते आहे असं समजत होते. आधी सांगितलं असतंस तर!

हे बारा तारखेला भोपाळला गेले. स्टेशनावर मोती महालातले वीस-बावीसजण होते. प्रत्येकाबरोबर एक वळकटी आणि कोणाला तरी दोष देणारं तोंड. गाडी हलताना हे खिडकीतून म्हणाले, "शरयू, त्या आक्काबद्दल आता बोललं तर चालेल का?" मी म्हटलं, बोला. तर म्हणाले, "अर्ज खाली यायला चार महिने लागले." आणि गाडी गेली. मी फलाटावर हसत उभी आणि डोळ्यांना पाणी. मधू म्हणाली, "आई, तय कर ले, हसायचंय का रडायचंय."

आता मुख्य. काल सुलोचनाबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी वाण लुटून झालं की मी नकला करायच्या असा रिवाजच पडलाय. सासवांच्या, वहिन्यांच्या, कलेक्टरच्या बायकोच्या. यंदा सगळ्या म्हणाल्या, आक्काची नक्कल कर! सगळ्यांना ती मी सिनेमातून उचललेली वाटते. माझीच वाक्यं, आणि मी त्यांची नक्कल करणारी. विचार कर माझं काय झालं असेल.

मी म्हटलं, आज नक्कल नाही, गाणं. सिनेमात नसलेलं, आक्काचं. इंदूरहून आणलेलं ते पुस्तक मी बरोबर नेलं होतं. का नेलं होतं ते मला विचारू नकोस, मलाही धड ठाऊक नव्हतं. चाल कोणाला माहीत? पडद्यावर नाही, तबकडीवर नाही. मी आपली तुझी आत्या, म्हणजे माझी आई, दळताना जी चाल लावायची त्या चालीवर म्हटलं. बरोबर बसलं, लीला. जणू त्यासाठीच लिहिलं होतं. तू तिच्या जात्याशेजारी बसून अभ्यास करायचीस, तेव्हाची चाल डोक्यात असणार.

माझा आवाज तुला माहीत आहे, फाटका. पण "सये, तुझ्या दारी" म्हणताना मला पहिल्यांदा कळलं की दारात उभी कोण आहे, आणि ऊन कोणाचं. ती ओळ मी अर्ध्यावर सोडली आणि पुन्हा धरली. बायकांना वाटलं, अभिनय आहे. मग एक लागली मागून म्हणायला, मग दुसरी, आणि शेवटची ओळ सगळ्यांनी तीनदा म्हटली. कोणीही पान खायला उठलं नाही.

सुलोचनाबाईंनी फौजेतल्या आवाजात विचारलं, "कोणाचं गं हे? तुझं?"

लीला, शपथेवर सांगते, "माझं" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. कोण विचारणार होतं? पुस्तक माझ्या हातात मिटलेलं, बायका हेलावलेल्या, आणि तू माझ्या शंभर वाक्यांवर बसलेली. फिट्टंफाट झाली असती. माझ्या तोंडात तिळाची वडी होती म्हणून मला दोन क्षण मिळाले. तेवढ्यात तू मला दिसलीस, चहाच्या टेबलापाशी, पेन घेऊन. तुझे हे आंघोळीला गेलेले. मी वडी गिळली आणि म्हटलं, "आमच्या लीलाचं. माझ्या मामेबहिणीचं. सिनेमावाल्यांनी कापलं, मूर्ख आहेत." सुलोचनाबाई म्हणाल्या, "मग हेच ठेवायचं होतं, बाकी कापायचं." त्याचं काय करायचं ते तू बघ, मला ते बिलकुल आवडलेलं नाही.

आज सकाळी धोबीण कपडे मोजताना ते गुणगुणत होती. तिला एका ओळीचाही अर्थ कळत नाही. तुझं गाणं ग्वाल्हेरात आहे, आणखी कुठेच नाही. राजधानी गेली तर गेली, हे आमच्याकडे राहू दे. आणि उन्हाचं चांदणं होतं हे मला अजून पटलेलं नाही.

पत्रं बंद करणार नाही. लिहिल्याशिवाय माझं जेवण जात नाही, तुझ्या वहीसाठी नव्हे. यातही चार वाक्यं बरी उतरली आहेत, तुझ्या डोळ्यांना ती दिसली असतीलच. घे. दुसऱ्या गोष्टीत घाल. तू न बोललेलं लिही, मी बोललेलं लिहिते.

पण मी तुझं नाव घेतलं, लीला. चौदा बायकांसमोर, मोठ्याने, तोंडात तिळाची वडी असताना. आता चौथा कागद घे.

खाली सही पूर्ण करते आहे. नावं रंगवणाऱ्याला अक्षरं नीट कळावीत म्हणून.

शरयू रमाकांत मुळ्ये